डोळ्यातून नेलेला माल

सातपुड्यातल्या एका पाड्याला फायबर केबलने जगाशी जोडायचे ठरले आणि जोडणीच्या कामावर रनाळ्याच्या सुनिताची रीतसर नेमणूक झाली. केसाइतक्या बारीक काचेच्या दोन तारा ती अशा जोडायची, की सांधा शोधून सापडू नये. प्रशिक्षणातली एक गोष्ट तिने पक्की धरली होती. तार कापताना उडणारा तुकडा दिसत नाही. तो डोळ्यात गेला, तर पुढे बरेच काही दिसत नाही. म्हणून संरक्षक चष्म्याशिवाय कापायचे नाही.

सामानाच्या पेटीत हातमोजे निघाले, चष्मा नव्हता. अर्धा तास टेकडी चढून तिने नंदुरबारला सुरक्षा समन्वयक अंकित यांना फोन लावला.

"साहेब, चष्मा भेटना नही."

"भेटलाय. पोचपावतीवर तुमची सही आहे."

"ती तं पेटी उघडाना पहिलेच लिधी तुम्ही."

"मग ॲपवर नवा अर्ज करा. पण कार्यस्थळावर उभं राहूनच. दुसरीकडून घेत नाही."

"पाड्यावर नेटवर्क नही, साहेब. तेच तं मी आणी ऱ्हायनू."

"म्हणजे तुमच्या अर्जाला तुमच्यामुळेच उशीर होतोय, ताई."

या युक्तिवादात सुनिताला फट सापडेना. केबलसाठी चर खोदणाऱ्या जामसिंगचे मोटारसायकलचे हेल्मेट तिने मागून घेतले, काच खाली ओढली आणि काम सुरू केले.

शेवटची जोडणी सुरक्षा सप्ताहात आली. अंकितसाहेब कॅमेरेवाल्याला घेऊन हजर झाले. त्यांच्या डोळ्यांवर कोरा करकरीत चष्मा होता.

"हेल्मेट काढा. मंजूर यादीत नाही."

"मंग तुमना चष्मा द्या."

"हा प्रात्यक्षिकाचा आहे. वापरायचा नसतो."

"मंग मी कापत नही."

"नका कापू. पाडा जोडला गेला नाही, असा अहवाल देतो."

समोर पाड्यातली सोनीबाई आणि आणखी पंधरा-वीस बाया रिकाम्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या. नेट येऊन दुकानातले मशीन चालू झाले, अंगठा लागला, तरच रेशन मिळणार होते. सुनिताने त्यांच्याकडे पाहिले आणि हेल्मेट काढले.

जोडणी अप्रतिम झाली. उरलेले टोक छाटले, त्याच क्षणी ती किंचाळली, "डोळामा काच गई!"

अंकितसाहेबांनी वाकून पाहिले. "काही दिसत नाही." मग त्यांनी अपघाताचा फॉर्म काढला. वस्तूचा रंग? नाही. आकार? समजत नाही. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले: 'घटना आढळली नाही.'

जामसिंगने तिला मोटारसायकलवर बसवून नंदुरबारच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पोचवले. डॉक्टरांनी तुकडा काढून बाटलीत दिला. डोळा वाचला, पण नजर पूर्वीसारखी होईलच, असे ते म्हणेनात. पट्टी बांधलेल्या डोळ्यानिशी सुनिताने ती बाटली कार्यालयात नेऊन टेबलावर ठेवली.

"आते दिसना का, साहेब?"

साहेबांनी बाटली उजेडात धरली. दिसला. चौथ्या दिवशी तिला नोटीस आली: 'केबलचा तुकडा विनापरवानगी डोळ्यातून कार्यस्थळाबाहेर नेल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा.'

तोवर सुरक्षा सप्ताहाचा व्हिडिओ जगभर पोचला होता. सुनिताची किंकाळी संगीताखाली झाकली होती, पण चेहरा स्पष्ट दिसत होता. चाळीस हजार लोकांनी तो पाहिला. त्यांत तुम्हीही होता. आठवत नसेल, कारण तिने डोळ्यावर हात नेला, तेवढ्यात तुमचा अंगठा पुढच्या व्हिडिओवर गेला होता.