दगाभाऊंची लोटन कबुतरं

कबुतराचं लग्न जमवताना दोन्हीकडच्या आजोबांची चौकशी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दगाभाऊ.

"नर देखणा आहे हो," ते समोरच्याला विचारायचे, "पण त्याचा आजा वेळेवर घरी परतायचा का? की दुसऱ्याच्या गच्चीवर मुक्काम ठोकायचा? दखा भाऊ, बठ्ठं रगतमा शे!"

सगळं रक्तात असतं, हा त्यांचा सिद्धांत. कबुतराची चोच रक्तात, उडण्याची उंची रक्तात, गल्लीतल्या पोरांची उनाडकीही रक्तात. एकदा त्यांच्या गच्चीवर माझ्या हातून कप फुटला, तर काचा गोळा करता करता म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या हातूनही फुटत असतील." फुटायचे.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. बँकेने बदली केली म्हणून मी धुळ्याला आलो आणि दगाभाऊंचा शेजारी झालो. आमच्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, मधे गुडघाभर कठडा. दगाभाऊ बसस्टँडवर गाड्या पुकारायचे. माइकसमोर त्यांची भाषा एकदम इस्त्रीची: "साक्रीमार्गे पिंपळनेरला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी कृपया गर्दी करू नये!" घरात पाऊल टाकलं की अहिराणी. उत्साह मात्र दोन्हीकडे तोच, आणि आवाजही. गच्चीवरून त्यांनी बायकोला "अक्का!" अशी हाक मारली की गल्लीतल्या आणखी दोन अक्का "काय शे?" म्हणत दारात यायच्या.

मी राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी मला कठड्यावरून ओढूनच पलीकडे नेलं. "या, या, गुलाबला भेटा!"

गुलाब म्हणजे पांढराशुभ्र नर. दगाभाऊंनी त्याला दोन्ही हातांत धरलं, हलकासा हिसका दिला आणि जमिनीवर सोडलं. आणि काय सांगू! ते कबुतर मागच्या मागे कोलांट्या मारायला लागलं. एक झाली की दुसरी, दुसरी की तिसरी, पिसांचा नुसता पांढरा चेंडू गच्चीभर घरंगळत चालला! शेवटी दगाभाऊंनीच त्याला उचललं आणि डोक्यावर हळूच फुंकर घातली, तेव्हा कुठे ते थांबलं.

"याला लोटन म्हणतात," दगाभाऊ अभिमानाने म्हणाले. "धुळ्यात असा लोटणारा दुसरा नाही."

मी टाळ्या वाजवल्या. कोण वाजवणार नाही?

त्या हिवाळ्यात पांझरेच्या काठी कबुतरवाल्यांनी लोटनांची स्पर्धा भरवली. ज्याचं कबुतर सगळ्यात जास्त वेळ लोटेल तो जिंकणार. गुलाब सुटला तो थांबेचना. लोक ओरडत होते, शिट्ट्या मारत होते. दगाभाऊ तर असे नाचत होते की पंचांना वाटलं, लोटन नेमका कोणता? गुलाब जिंकला. दगाभाऊंना फेटा बांधला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून गुलाबच्या पिल्लांसाठी दारात रांग लागली. भडगावहून लोक आले, एरंडोलहून आले, थेट पिंपळनेरहून आले.

मग दगाभाऊंना एक भन्नाट कल्पना सुचली. लोटणं रक्तात आहे ना? मग रक्त घट्ट करायचं! गुलाबची जोडी त्यांनी त्याच्याच लेकीशी लावली. एरवी दोन्हीकडच्या आजोबांची चौकशी करणारा माणूस! मी विचारलं, तर म्हणाले, "दोन्हीकडचं घराणं एकच शे, चौकशी निम्मी वाचली!"

त्या जोडीच्या पिल्लांना पंख फुटले आणि गच्चीवरची गंमत बदलली. ही पिल्लं हलवायचीही गरज नव्हती. अक्कांच्या कुकरची शिट्टी झाली की लोटायची. दार आपटलं की लोटायची. दगाभाऊ घरी आल्याची आरोळी ठोकायचे, की सगळी एकदम लोटायची. त्यातल्या एका छोट्या मादीचं नाव अक्कांनी भिंगरी ठेवलं होतं. ती दाण्यावर चोच मारायला वाकली की मान मागे वळायची, ती कोलमडायची, उठायची, पुन्हा दाण्याकडे यायची. तिच्यासमोर वाटीभर ज्वारी होती आणि ती उपाशी होती.

दगाभाऊंनी तिला शर्टाच्या आत ठेवलं आणि आम्ही गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी भिंगरीला टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिलं.

"दगाभाऊ, ही कसरत नाही," ते म्हणाले. "हा मेंदूतला दोष आहे. आईबापांकडून येतो. लोटणाऱ्या दोघांची जोडी लावलीत तर पिल्लं लोटणारच. आणि नात्यातच लावत राहिलात तर दुखणं वाढत जातं."

"आणि साध्या कबुतराशी लावली तर?"

"पिल्लं चांगली दिसतील. पण दोष आत राहील, नातवंडांत निघेल."

दगाभाऊंचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला. "म्हणजे डॉक्टर, गुलाबला झटका यायचा, आणि आम्ही टाळ्या पिटायचो?"

डॉक्टरांनी भिंगरीला अलगद उचलून त्यांच्या हातात दिलं.

दुसरा माणूस खचला असता. दगाभाऊ दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत कामाला लागले होते. "बठ्ठी परत आणानी!" दिलेली सगळी पिल्लं परत आणायची, बदल्यात चांगल्या घराण्यातली, उंच उडणारी कबुतरं द्यायची. कोणाकोणाला दिली ते त्यांना तोंडपाठ होतं, पण दूरच्या लोकांना निरोप कसा द्यायचा? त्याचीही सोय त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी बसस्टँडवर आवाज घुमला, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! ज्यांनी दगाभाऊंकडून लोटन कबुतरे नेली असतील, त्यांनी ती ताबडतोब चौकशी खिडकीवर आणून द्यावीत! पिलांसह!"

साहेबांनी बोलावून झापलं. पण संध्याकाळपर्यंत चौकशी खिडकीवर तीन टोपल्या जमल्या होत्या आणि एका भाबड्या म्हातारीने तर आपली कोंबडीही आणून दिली होती. ती परत घ्यायला म्हातारी तयार होईना.

उरलेल्यांसाठी आम्ही रविवारी माझ्या स्कूटरवरून निघायचो. मागे दगाभाऊ, त्यांच्या मांडीवर टोपली. भडगावच्या नानांनी मात्र ठाम नकार दिला. नाना मोठे बागायतदार, घर माणसांनी भरलेलं, नातवंडं अंगणात लोटनांभोवती उड्या मारत होती.

"पोरांना मजा वाटते, दगा," नाना म्हणाले. "कबुतराला कुठे काय होतं?"

दगाभाऊ उठले, अंगणाच्या मधोमध गेले आणि स्वतःभोवती गरागरा फिरायला लागले. धोतराचा सोगा सुटला, टोपी उडाली, पोरं खिदळायला लागली. हे आपले फिरतायत! मी धरायला गेलो तर मलाच धक्का बसला. मग ते थांबले आणि झुलत झुलत चहाच्या कपापर्यंत आले. कप उचलला, तोंडाकडे नेला. अर्धा चहा कानात, अर्धा शर्टावर. पोरं हसून लोळली, नानाही हसले. दगाभाऊ बाजेवर आदळले आणि डोळे मिटून म्हणाले, "नाना, माले थांबता येस. त्याले येत नही."

नानांचं हसू विरलं. त्यांनी अंगणातल्या लोटनाकडे पाहिलं. ते नुकतंच थांबलं होतं, चोच उघडी टाकून धापा टाकत होतं. नानांनी ते स्वतः उचलून टोपलीत ठेवलं.

परत आलेल्या कबुतरांसाठी अक्कांनी जुन्या गाद्या उसवल्या आणि आतल्या कापसाच्या मऊ दुलया करून खुराड्यात अंथरल्या. कुकर खालच्या मजल्यावर गेला. दगाभाऊ जिन्यातच चपला काढायला लागले आणि गच्चीवर कुजबुजत बोलायला लागले. भिंगरीला ते हातावर घ्यायचे, मान दोन बोटांत सांभाळायचे आणि भिजवलेला एकेक दाणा भरवायचे. सगळी पोट भरून जगायची, पण एकाही जोडीने पिल्लं काढायची नाहीत, हा नियम. अंडी घातली की दगाभाऊ ती उचलायचे आणि सुताराकडून घडवलेली लाकडी अंडी ठेवायचे. लोटन माद्या ती उबवत बसायच्या.

हेच त्यांना सोसेना. एके सकाळी कठड्यावरून मला म्हणाले, "भाऊ, त्या बिचाऱ्या लाकडावर बसून राहतात. वाट पाहतात."

आणि लगेच त्यांचे डोळे चमकले. निरोगी जोडीचं खरं अंडं उचलून त्यांनी गुलाबच्या घरट्यात ठेवलं! गुलाब आणि त्याची मादी शांततेत व्यवस्थित बसायची. मग आम्ही सगळेच श्वास रोखून दिवस काढायला लागलो. पिल्लू निघालं तेव्हा दगाभाऊंना ओरडायचं होतं, म्हणून ते जिने उतरून गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि तिथे ओरडून आले.

पिल्लू पहिल्यांदा उडालं त्या संध्याकाळी मी आणि अक्का कठड्याशी उभे होतो. गुलाब आणि त्याची मादी दुलईवर बसून वर पाहत होती. दगाभाऊ त्यांच्याशेजारी उकिडवे, मान त्याच दिशेला.

"आम्हले पोरसोर नही, भाऊ," अक्का हळूच म्हणाल्या. मला ते माहीत होतं, पण त्या कधी बोलल्या नव्हत्या. "लोक मला फार बोलायचे. एकदा हे बसस्टँडवरून आले आणि भर गल्लीत सांगितलं, दोष माझ्यात आहे, हिला कोणी काही म्हणायचं नाही."

"आणि तपासणीत डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरकडे आम्ही गेलोच नाही. हेच जाऊ देईनात. म्हणाले, कोणाचा दोष ते कशाला विचारायचं?"

मी दगाभाऊंकडे पाहिलं. त्यांनी वर बघतच ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प राहायची खूण केली. पिल्लू घिरटी घेऊन गच्चीकडे वळलं होतं.