डबा रिकामा कसा पाठवायचा?

"वयनी, यात काहीतरी टाकून द्या न. अकराची गाडी निघून जाईन."

प्रसेनजितने ओट्यावर स्टीलचा डबा ठेवला. मंजुश्रीने मान वर केली नाही. कडेवरच्या चिऊला दात येत होते, त्यामुळे ती आईचा खांदा चावत होती. गॅसवरचं दूध वर यायच्या बेतात होतं.

"काहीतरी म्हणजे काय, भाऊजी?"

"कायबी चालते. रिकामा नको फक्त."

रिकामा नको फक्त! गेला महिनाभर मंजुश्री हे ऐकत होती आणि ऐकलं की तिच्या कपाळाची शीर उडायला लागायची.

सुरुवात अगदी गोड होती. प्रसेनजितचं नांदुऱ्याच्या बसस्टँडसमोर मेडिकल. त्याची सोयरीक जळगाव जामोदच्या अर्पिताशी जुळली. जुळवली मंजुश्रीनेच; अर्पिता कॉलेजात तिच्या मागच्या वर्गात होती. त्यामुळे या स्थळाचं काही बरं झालं तर ते दोघांचं नशीब आणि काही वाईट झालं तर मंजुश्रीचा दोष, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. लग्न मे महिन्यात होतं. तोवर दोघं फोनवर बोलत. मध्येच प्रसेनजितचं तोंड आलं आणि तो फोनवर नुसता "हं, हं" करू लागला. अर्पिताने कारण विचारून घेतलं, अंगणातल्या गुलाबाच्या पाकळ्या खुडल्या, खडीसाखर कुटली, बरणी उन्हात ठेवली आणि तयार झालेला गुलकंद एका चिमुकल्या डब्यात भरून जळगाव गाडीच्या कंडक्टरकडे, शालिग्रामभाऊकडे दिला.

ज्याच्या दुकानात तोंड येण्यावरच्या गोळ्या खोक्यांनी पडल्या होत्या, तो माणूस त्या डब्याची वाट पाहत तीन वेळा स्टँडवर जाऊन आला. गुलकंद त्याने बोटाने चाटून संपवला आणि घरात कोणाला वासही लागू दिला नाही.

मग सासूबाईंनी, सिंधूताईंनी, डबा पाहिला.

"असाच पाठवतं का रे? होणाऱ्या सोयऱ्याइचा डबा रिकामा जाते कुठं? मंजू, शंकरपाळे तळ थोडे."

मंजुश्रीने शंकरपाळे तळले. डब्यात थोडेच मावले, म्हणून सिंधूताईंनी सोबत आपला एक मोठा डबा दिला. तिकडे अर्पिताच्या आईने, कौशल्याबाईंनी, दोन डबे पाहिले आणि दोन्ही भरले. एकात तिळाचे लाडू, एकात शेव. नवऱ्या मुलाच्या घरी दोनच डबे कसे पाठवायचे म्हणून लोणच्याची बरणी वेगळी. आता इकडून दोन डबे आणि बरणी भरणं आलं. पुढच्या फेरीला त्यात कडीचा डबा आला, मग पितळी डबा आला. मोठ्या माणसांनी कारभार हाती घेतल्यापासून प्रसेनजित आणि अर्पिताला त्यात कोणी काही विचारतही नव्हतं. प्रसेनजितला तळणाने पुन्हा तोंड आलं, तेवढाच त्याचा वाटा.

"ताई, लावून टाका वं याइचं लग्न एकदाचं," शालिग्रामभाऊ एकदा दुकानात पाणी प्यायला आले तेव्हा मंजुश्रीला म्हणाले. "गाडीतले लोकं मले तिकीट मागायच्या आधी इचारतात, आज काय हाय म्हणून."

मंजुश्रीचा जीव मात्र भलत्याच गोष्टींत अडकायचा. उन्हात लाडू खवट झाले तर? शेव खाऊन तिकडे कोणाचं पोट बिघडलं तर? ती प्रत्येक डबा उकळत्या पाण्याने धुवायची, कोरडा करायची, झाकण घट्ट लावायची आणि प्रसेनजितला बजावायची, "उघडून पाहू नका. हवा लागते."

तिचं हे उकळणं फक्त खाण्याच्या डब्यांपुरतं नव्हतं. दुकानात डायपरचा ढीग असून तिने चिऊला एकदाही डायपर लावलं नव्हतं. त्याने चट्टे उठतात, असं तिने वाचलं होतं. चिऊचे सुती लंगोट ती उकळायची, कडक उन्हात वाळवायची, इस्त्री करायची आणि मुंग्या-झुरळं लागू नयेत म्हणून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून ठेवायची. हल्ली घरात कुणाचा डबा कुठला, हेच कळेनासं झालं होतं. त्यामुळे त्या दिवशी ओट्यावर एकाच मापाचे आणखी दोन डबे शेजारीशेजारी उभे होते. एकात पाहुण्यांसाठी कुरडया. दुसऱ्यात लंगोट.

"हा आणलेला राहू द्या इथं. याच्यात पुढच्या फेरीला टाकीन," मंजुश्री म्हणाली. "ओट्यावर कुरडया भरून ठेवल्या आहेत, तो डबा न्या."

तेवढ्यात दूध उतू गेलं. ती गॅसकडे धावली. प्रसेनजितने डबा उचलला, मोटरसायकलला किक मारली आणि गेला. उघडून पाहिलं नाही. हवा लागते ना.

चिऊची अंघोळ झाली, पावडर झाली, काजळ झालं. मंजुश्रीने डबा उघडला, आत हात घातला आणि तिच्या बोटांत एक कुरडई मोडली.

तिने डब्यात पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग फोन लावला.

"भाऊजी, डबा कुठं आहे?"

"गेला न गाडीत. येरळीचा पूल ओलांडला असन आता."

"अहो, त्यात लंगोट आहेत!"

"कोणाचे?"

"तुमचे! अहो चिऊचे, कोणाचे असणार! पळा, गाडी गाठा. अर्पिताच्या आईनं उघडायच्या आत डबा हातात घ्या."

"बाप्पा बाप्पा," एवढंच ऐकू आलं आणि मग शटर खाली ओढल्याचा आवाज.

मंजुश्रीने शालिग्रामभाऊंना फोन लावला. ते गाडीत फोन घेत नसत. अर्पिताला लावला. नुसता वाजत राहिला. सासूबाईंना सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं, पण प्रसेनजितने गाडी गाठली तर कोणाला काही कळायचंच नाही, या आशेवर ती गप्प राहिली. चिऊला तिने सासऱ्यांच्या मांडीवर दिलं. पुंजाजी दिवसभर पेपर वाचत आणि सहसा बोलत नसत. त्यांनी नातीकडे पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा काढला, तिच्या कमरेला गुंडाळला आणि पुन्हा पेपर उघडला.

आणि अर्ध्या-पाऊण तासात ओसरीवर सिंधूताईंचा फोन वाजला.

"जयभीम, जयभीम, कौशल्याबाई! भेटला का डबा?" सिंधूताईंचा आवाज अभिमानाने भरून आला होता. समोरचं बोलणं स्पीकरवर सगळ्या घराला ऐकू येत होतं.

"भेटला. पण ताई, हे काय पाठवलं तुमी?"

"काय म्हंजे? घरचंच हाय सारं. मंजूनं सोताच्या हातानं केलं. दोन उन्हं चांगली दाखवली."

"पण आतापासून?"

"आतापासून नाही त कवा? पावसायात वाळते का वं? आमच्याकडं आधीच करून ठेवतात. नड पडली का धावपळ नाही."

मंजुश्री स्वयंपाकघरातून हातात मोडकी कुरडई घेऊन धावत आली आणि हातवारे करू लागली. सिंधूताईंनी तिला डोळ्यांनीच गप्प बसवलं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही.

"ताई, आमची पोरगी अजून शिकून राह्यली," कौशल्याबाई म्हणाल्या.

"हो त! शिकणाऱ्या पोरीलेच लागते. अन् लाजू नका बरं, संपलं त आणखी पाठवतो."

"तुमी चार मानसांत शब्द देला होता, सिंधूताई." कौशल्याबाईंचा आवाज आता थंड झाला होता. "नर्सिंग पुरं होऊ देऊ, नोकरी लागू देऊ, दोन वरीस घाई करणार नाही म्हणून. अंगणात शेजारच्या बाया शेवया करून राह्यल्या. त्याइच्या समोर डबा उघडला मी. इज्जत गेली. येऊ द्या अर्पिताच्या बाबाले शेतातून, मग पाहू पुढचं."

फोन बंद झाला.

"शेवया करून राह्यल्या त आपल्या कुरडईनं काऊन इज्जत गेली?" सिंधूताईंनी विचारलं.

मंजुश्रीने सांगितलं. सिंधूताई हळूहळू खाली बसल्या.

"लंगोट?" त्या म्हणाल्या. "अन् मी म्हटलं संपले त आणखी पाठवतो?"

"हो, आई."

"मंजू, हे स्थळ तू आणलं होतं बरं."

मंजुश्रीला रडू येणार होतं, पण तेवढ्यात फोन वाजला. प्रसेनजित कुजबुजत होता.

"वयनी, गाडी नाही गाठली. पुलावर कुटारानं भरलेला ट्रॅक्टर आडवा होता. मी त्याइच्या गल्लीत उभा हाय, कडुनिंबाखाली. अंगणात सात-आठ बाया हायेत. डबा मधात ठेवला अन् साऱ्या त्याच्याकडं पाहून राह्यल्या. एक बुढी लंगोट उजेडात धरून पाहून राह्यली."

"आत जा आणि सांगा चिऊचे आहेत म्हणून!"

"मी? एवढ्या बायाइत? मले नाही जमत, वयनी. माहं तोंड आलं हाय."

"भाऊजी," मंजुश्री दात ओठ खाऊन म्हणाली, "लग्न करायचं आहे की नाही?"

मग चपलांचा आवाज. मग एकदम बायकांचा गलका, "अवं माय, जवाई!" आणि त्यावर प्रसेनजितचा इतका मोठा आवाज, की पुंजाजींनीही पेपर खाली केला.

"मावशी, ते लंगोट माहे हायेत!"

अंगणात कुणाच्या तरी हातातून ताट पडल्याचा आवाज आला.

"म्हंजे माह्याकडून आले. चुकी माही हाय. मी डबा उघडून नाही पाह्यला. आमच्या घरी कोणाले काही घाई नाही. अर्पिताले दोन वरीस शिकायचं असन त दोन, चार शिकायचं असन त चार. मी थांबतो. लग्नबी पुढं ढकलायचं असन त ढकला."

लग्न ढकलायचं कोणी बोललंच नव्हतं. मंजुश्रीने डोक्याला हात लावला आणि ओरडली, "व्हिडिओ लावा! मला व्हिडिओ लावा!"

व्हिडिओ लागला. आधी प्रसेनजितचा घामाघूम कान दिसला, मग कडुनिंब, मग कपाळाला आठ्या घातलेल्या कौशल्याबाई. मंजुश्रीने फोन पुंजाजींच्या मांडीकडे वळवला.

"हे पाहा मावशी. घरात एक लंगोट शिल्लक नाही. मामंजींचा दुपट्टा गुंडाळला आहे लेकराला. तिकडे आहेत ते सगळे हिचे, आणि तुमच्या कुरडया इथं आहेत."

कौशल्याबाई फोनजवळ तोंड नेऊन बारकाईने पाहत होत्या. अजून त्यांना खात्री पटली नव्हती. चिऊने फोनकडे पाहिलं, हसली आणि पुंजाजींच्या मांडीवर मनसोक्त मोकळी झाली. दुपट्ट्यावर ओल पसरत गेली. पुंजाजी हलले नाहीत.

पलीकडून आधी एक म्हातारी हसली, मग सगळं अंगण. त्या हसण्यात कौशल्याबाईंचा पदर तोंडाला गेला. मागून अर्पिता पिठाच्या हातांनी धावत आली, प्रसेनजितला पाहून जागच्या जागी थांबली आणि हात कुठे पुसावेत हेच तिला सुचेना.

"सिंधूताई, माफ करजा वं," कौशल्याबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"मीच माफी मांगतो. मीच म्हटलं, आणखी पाठवतो."

"खरं सांगू? मी त कटाळून गेली होती या डब्याईनं. पण तुमच्याकडून येऊन राह्यलं, त मी कशी थांबू?"

"घ्या! मीबी तेच म्हणो!" सिंधूताई म्हणाल्या. "माह्या सुनेचे हात पोळले तळून तळून."

ही संधी पुन्हा येणार नव्हती. मंजुश्रीने फोन तोंडासमोर धरला. "मग आताच ठरवा. दोघी एकमेकींना शब्द द्या. लग्न होईपर्यंत एकही डबा इकडून तिकडे जाणार नाही आणि तिकडून इकडे येणार नाही. भरलेला नाही, रिकामा नाही."

"देला शब्द," सिंधूताई म्हणाल्या.

"देला," कौशल्याबाई म्हणाल्या. "अन् माहा शब्द म्हंजे शब्द."

त्या दुपारी मंजुश्री महिन्यात पहिल्यांदा निवांत जेवली. गॅस बंद होता. कढई उपडी पडली होती. ती भिंतीला टेकून बसली आणि चिऊला तिने पुंजाजींच्या एका जुन्या बनियनमध्ये बांधलं. ते दोनदा ओलं झालं, पण तिने त्याचा त्रास करून घेतला नाही. संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न होता.

दिवेलागणीला प्रसेनजित आला. मोटरसायकल त्याने इतकी हळू लावली, जणू ती झोपली होती. तोंड आलेलं असूनही तो हसत होता.

"मावशीनं जेवल्याबिगर येऊच नाही देलं. अर्पिता अन् मी ओट्यावर बसून बोललो, वयनी. फोनवर नाही, समोरासमोर. ती म्हणे, एवढ्या बायाइसमोर कोणी माह्यासाठी असं बोललं नव्हतं."

"छान झालं," मंजुश्री मनापासून म्हणाली आणि हात पुढे केला. "लंगोट द्या."

प्रसेनजितचं हसू जागीच राहिलं.

"नाही देले मावशीनं."

"नाही दिले म्हणजे?"

"मी उचलला होता डबा. त्याइनं हातातून काढून घेतला. म्हणे, आताच शब्द देला, एकबी डबा इकडून तिकडं जाणार नाही. तुमच्याच वयनीनं द्यायले लावला."

"अहो, मग पिशवीत आणायचे!"

"मीबी तेच म्हटलं. त्या म्हणे, सोयऱ्याइची वस्तू पिशवीत कोंबून पाठवतं का? आमी सोता घेऊन येतो रविवारी. सारे जण."

सिंधूताईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने कढईकडे.

"आणि रविवारपर्यंत हिनं काय घालायचं?" मंजुश्रीने विचारलं. तिचा आवाज चिरकला.

पुंजाजींनी पेपरची घडी घातली. ते उठले, अंगणातल्या दोरीवरून आपलं वाळलेलं धोतर काढून आणलं आणि दिवसभरात पहिल्यांदा बोलले.

"कात्री कुठं हाय?"