दत्तू भाऊजींचा माळा

८ एप्रिलला सकाळपासून मी दुकानाचा माळा रिकामा करत होते आणि दर डब्यागणिक माझं डोकं तापत होतं.

आखाडा बाळापूरच्या आमच्या कुकर-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायची बंदी आहे. ही बंदी माझ्या धाकट्या दिरानं, दत्तू भाऊजींनी घातली. दुकानात पैसे माझे, हात त्यांचे. कोणी काहीही मागो, ते म्हणणार, “हाय. बसा.” मग शिडी लावून वर जाणार आणि अर्ध्या तासानं, केसांत जळमटं घेऊन, कोणे एके काळच्या मिक्सरचं झाकण हातात धरून उतरणार.

आणि जे रोज खपतं ते? ते दुकानात नाही. लग्नसराई तोंडावर आलेली, बाया कुकरची रिंग मागून परत जातात. रिंग आठ दिवसांत विकली जाते, त्याच पैशांत पुन्हा रिंगा येतात. महिन्यात तोच रुपया चारदा कमावतो. भाऊजींचा रुपया माळ्यावर उंदरांची राखण करतो. नांदेडचा ठोकवाला रोख घेतल्याशिवाय माल सोडत नाही. या सराईत रिंगा आल्या नाहीत तर दुकानाला कुलूप, इतकं सरळ होतं.

“बंद पडलेल्या कंपनीचे शंभर जार काहून घेतले, भाऊजी?”

“लई स्वस्त देऊन राहिला होता, वहिनी.”

“उद्या कोणी फुकट साप दिला तर घ्याल?”

त्यांनी विचार केला. “कोन देऊन राहिला?”

मागच्या महिन्यात तर कहर झाला. एक बाई रिंग मागायला आली. रिंगा संपलेल्या, पण ‘न्हाई’ कसं म्हणायचं? हा माणूस घरी गेला, माझ्या कुकरची रिंग काढली आणि विकली. दोन दिवस मी पातेल्यात डाळ शिजवली. ते मुकाट्यानं जेवले. वर म्हणाले, “अशी डाळ बराबर लागते.”

म्हणून मी भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं होतं. सगळा माळा विकून जेमतेम रिंगांपुरते पैसे उभे राहणार होते.

अगदी मागे एक लोखंडी पेटी निघाली. आत शिलाई मशीनचे सुटे भाग, शटल, बॉबिन, सुया. प्रत्येक पुडीवर नाव. ‘कांताबाई, डोंगरकडा.’ ‘रुक्मिणबाई, शेवाळा.’

“हे काय?”

“दुकानाआधी म्या सायकलवर मशिनी विकत व्हतो ना. पार्ट माझ्याकडं भेटतील, आसा शब्द दिला व्हता समद्यायला.”

“ती कंपनी कधीच बुडाली!”

“कंपनी बुडाली. मशिनी चालू हायेत.”

“वर्षाला किती बाया येतात?”

“चार. येखाद्या वर्षी पाच.”

“चार बायांसाठी एवढा माल? अहो, दुकान आहे का धर्मशाळा?”

भाऊजींनी लग्न केलं नाही. सणवार सोडले तर त्यांच्याकडं कोणी येत नाही. हे मला माहीत होतं, पण त्या वेळी सुचलं नाही. ते पुड्या नीट लावत म्हणाले, “बसत्यात घडीभर. लेकरायचं सांगत्यात. पार्टच न्हाई म्हणल्यावर इकडं कोन येनार, वहिनी?”

“तुमच्या गप्पांचं भाडं दुकानानं भरायचं का?” मी बोलून गेले.

त्यांनी स्वतःच पेटी ओढत नेऊन भंगाराच्या ढिगाला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला काटा घेऊन आला. भाऊजी चहाला म्हणून स्टँडकडं गेले ते फिरकलेच नाहीत. जार, झाकणं, बर्नर, सगळं मी समोर बसून मोजून घेतलं. दोन डझन रिंगांचे पैसे कमी पडले.

“ताई, उठा की,” भंगारवाला म्हणाला. “तुमच्या खालची पेटी ऱ्हायली.”

“मला बसायला लागते,” मी म्हटलं. “तू तुझा काटा सरळ धर.”