गुलाबरावांचा बिल्ला

चहाच्या दुकानात शिरायचं, गल्ल्यावर तीस वर्षांपूर्वीचा तांब्याचा बिल्ला ठेवायचा आणि शांतपणे "एक कप" म्हणायचं, हा आमच्या शेजारच्या गुलाबरावांचा दर रविवारचा उद्योग. सोबत मी, कारण मला नाही म्हणता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चिल्लर मिळेनाशी झाली, तेव्हा काही दुकानदारांनी सुट्ट्या पैशांऐवजी आपापले बिल्ले पाडून दिले होते. कुणाच्या बिल्ल्यावर एक कप चहा, कुणाच्या एक पान. गुलाबराव ते जुन्या बाजारातून शोधून आणत. पण नुसते जमवून त्यांचं भागत नसे.

"दुकानदाराची जबान हाय ते, मास्तर. तपासून पाहा लागते."

दुकानदारानं चहा दिला, तर बिल्ला त्याचा त्याला परत. हाकलून दिलं, तर बिल्ला डब्यात. म्हणजे या माणसाच्या संग्रहात सगळी शब्द मोडलेली दुकानं. शहराच्या एका टोकाच्या नंदनवनापासून थेट दुसऱ्या टोकाच्या वाडीपर्यंत सायकल दामटून मी पानठेल्यांवरच्या शिव्या ऐकल्या आहेत. कुठे चहा मिळालाच तर तो त्यांना, कारण बिल्ला एकच. माझे पैसे मी द्यायचे. सोमवारी शाळेत फळ्यापुढे उभं राहायचं त्राण उरत नसे.

डब्याच्या तळाशी बाजारातल्या एका चहावाल्याचा बिल्ला मात्र कागदात गुंडाळलेला होता. तो तपासायचं नाव नाही. "काहून?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "त्याची जबान पक्की हाय."

गेल्या आठवड्यात बाजारात कळलं की त्या बिल्ल्याचा चहावाला दुकान बंद करून मुलाकडे मौद्याला चालला आहे. मी गुलाबरावांना सांगितलं. ते दोन दिवस दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले. "चला."

म्हाताऱ्या मालकानं चष्मा लावून बिल्ला पाहिला आणि काही न विचारता चहा ओतला. गुलाबरावांनी त्यातला अर्धा बशीत काढला आणि नुसते बघत बसले.

"नवं लगन झालतं तवा. मी कपातून, ती बशीतून. सुटे पैसे नव्हते, तर यानं बिल्ला देल्ला. ती म्हणे, पुढच्या खेपेले याच्यावर पिऊ." मग बशी सरळ करत म्हणाले, "पहिल्याच बाळंतपणात गेली."

दहा वर्षांच्या शेजारात त्यांचं लग्न झालं होतं हेही मला ठाऊक नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

मालक बिल्ला परत देऊ लागला. "ठेवा, दादा. आता दुकानच नाही राहणार."

"नाही गा. तुम्ही जबान पाळली. बिल्ला तुमचा."

त्यांनी कप संपवला. बशीकडे जरा वेळ पाहिलं आणि ती माझ्यापुढे सरकवली.

"प्या, मास्तर. थंडा होऊन राहिला."

चहा फार गोड होता. मी बशी पुसल्यासारखी रिकामी केली.