निरोपाचा कुंदा

खडेबाजाराच्या मागे डॉक्टर दत्तोपंतांचा छोटा दवाखाना होता आणि तिथे एकही नर्स टिकत नव्हती. टिकेल कशी? दिवसभर राबलेल्या बाईला 'बरं केलंत' म्हणताना दत्तोपंतांची जीभ टाळ्याला चिकटायची. पण एखादी कायमची निघाली की हार, खव्याचा कुंदा आणि असं भाषण, की रोगीसुद्धा डोळे पुसायचे! सगळ्याजणी कुंदा खाऊन गेल्या. उरल्या एकट्या राजाबाई.

एका सकाळी त्यांनी हातातलं बेडपॅन आदळलं. "डॉक्टर, मी चालले खानापूरला, भावाकडं. जीव पार मेटाकुटीला आलाय बघा."

दत्तोपंतांच्या पायांखालची जमीन सरकली. ही गेली तर दवाखान्याला कुलूपच! पण रीत ती रीत. संध्याकाळी हार आला, कुंदा आला.

"राजाबाई या दवाखान्याचा कणा," दत्तोपंत गहिवरले. "मी नुसता पाटीपुरता!"

"खरं हाय!" हर्नियाचा रोगी भरमा खाटेवरून रडत ओरडला. "आक्का, डॉक्टरांनी सुई टोचली की मला मेलेला आजा दिसतोय!"

राजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "एवढं मनात होतं, तर आजवर बोलला का न्हाईसा?"

"तुम्ही कधी निघालाच नाहीत!"

"मग न्हाय जात मी, जावा!" हार गळ्यात तसाच ठेवून त्या औषधं वाटायला गेल्या.

झालं! दुसऱ्या दिवशी स्वयंपाकीण नागुबाई निपाणीला निघाली. हार, कुंदा, तिच्या पेजेवर भाषण. नागुबाई राहिली. मग झाडूवाला परशराम निघाला, तोही राहिला. शेवटी टाके काढलेला भरमा खरोखरच घरी निघाला, तर भाषण ऐकून विरघळला. "एवढी माया? न्हाय जात मी!" म्हणत पुन्हा खाटेवर आडवा झाला.

दत्तोपंतांचा घसा बसला. एका सकाळी ते स्वतःच पिशवी घेऊन दारात उभे राहिले. "राजाबाई, मीच चाललो." आणि हळूच हाराच्या खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी.

राजाबाईंनी पट्टी बांधता बांधता मान वर केली. "कुंदा संपलाय. पण कोपऱ्यातल्या खाटेवरच्या मालुबाईचं बाळ काल तुम्ही वाचवलासा. लई बरं केलासा."

दत्तोपंतांनी पिशवी खाली ठेवली. बांधलेली पट्टी निरखली. मग पुटपुटले, "पट्टी... छान बांधलीत हो."

"मोठ्यानं बोला की!" राजाबाई खेकसल्या. "सैपाकघरात नागुबाईला ऐकू गेलं पायजे!"