स्केचरावांचं जोडकार्ड

“शनिवारी सकाळी या, तुमचा दवाखाना तुम्हाला आतून फिरवून आणतो!” असं स्केचराव दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोनवर छातीठोकपणे म्हणाले, तेव्हा त्या जागेवर नुसत्या चार भिंती आणि एक गळका नळ होता. पण जे नाही त्यातून फिरवून आणणं हाच तर स्केचरावांचा धंदा! सुताराने पहिला खिळा ठोकण्याआधी ते सगळं फर्निचर कॉम्प्युटरवर उभं करत, खिडकीतून ऊन आत घेत आणि गिऱ्हाइकाला दारापासून थेट मोरीपर्यंत नेणारी फिल्म बनवत.

“नक्की ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पंधरा दिवस तुम्ही आज-उद्या करताय. सोमवारी सुतार येतोय. शनिवारी फिल्म दिसली नाही, तर काम दुसऱ्याला. वरच्या मजल्याचंही!”

“मशीनला वेळ लागतो हो. पण शनिवार म्हणजे शनिवार!”

मशीनला वेळ लागायचा, यात खोटं काही नव्हतं. एकदा त्यांनी एका बाळाच्या खोलीचं चित्र काढायला लावलं होतं. चित्र पूर्ण झालं तेव्हा बाळाला मिसरूड फुटलं होतं, आणि बाप म्हणाला, पाळणा काढा, आता आरसा लावा! अतिशयोक्ती वाटत असेल तर स्केचरावांच्या बायकोला विचारा. त्या शाळेत गणित शिकवतात, सगळे त्यांना बाईच म्हणतात. फार तर मिसरुडाबद्दल जरा कुरकुर करतील.

त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. मशीनच्या पोटात एक ग्राफिक्स कार्ड होतं, चित्रं काढण्याचं अवजड काम करणारं. आता त्याच्या जोडीला तसंच दुसरं बसवायचं, की ते काढून नव्या दमाचं एकच आणायचं?

बाईंचा धाकटा भाऊ बैठकीला हजर होता. त्याला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे त्याचं मत ठाम होतं.

“भावोजी, कपाट एकट्याला उचलत नसेल तर आपण काय करतो? दुसऱ्याला हाक मारतो. जोडी लावा!”

“आणि दोघांनी दोन दिशांना ओढलं म्हणजे?” बाई म्हणाल्या. “आमच्याकडे एका वर्गाला दोन शिक्षक दिले होते. ‘तुम्ही घ्या’, ‘छे छे, तुम्हीच घ्या’ करत दोघं दारात उभे राहिले. वर्ग मुलांनीच घेतला. एकच आणा, पण तरुण आणा.”

“अगं, पण या जुन्याला असं एकदम काढून टाकायचं?” स्केचरावांचा आवाज कातर झाला. “दिवसरात्र राबलंय गं बिचारं. कधी तक्रार नाही, आवाज नाही.”

“ताई, बघ! माणुसकी म्हणून काही आहे की नाही?” मेहुणा म्हणाला, आणि जोडकार्डाचा ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी दुकानातून जुन्याचा सख्खा जुळा भाऊ शोभेल असं कार्ड आलं. ते पेटीत बसवणं म्हणजे एका पलंगावर दोन जाडजूड व्याही झोपवणं! एकाने कूस बदलली की दुसऱ्याचा पंखा अडायचा. पेटीचं झाकण लागेना, म्हणून झाकण माळ्यावर गेलं. दोघांना वीज पुरेना, म्हणून वीज पुरवणारा डबा मोठा आणला. दोघं मिळून तापतील, म्हणून टेबलफॅन त्यांच्यापुढे ठेवला आणि स्केचराव स्वतः वर्तमानपत्राने वारा घेत बसले.

तेवढ्यात आतल्या खोलीत बाईंनी इस्त्री लावली. फट्! अख्ख्या घराची वीज गेली.

“इस्त्री बंद!” स्केचराव ओरडले.

“आणि मी शाळेत काय घालून जाऊ?”

“चुरगळलेलं घाल गं. दवाखान्याचा प्रश्न आहे!”

मग धुण्याचं मशीन बंद, मिक्सर बंद, गीझर बंद. मेहुण्याने मोबाइल चार्जिंगला लावला तर त्याच्याकडे चोराकडे बघावं तसं बघितलं गेलं. एवढी तयारी झाल्यावर स्केचरावांनी फिल्म सुरू केली. पडद्यावर उरलेला वेळ उमटला. तिघांनी वाकून पाहिला.

वेळ तोच! एका कार्डाला जितका लागत होता तितकाच!

“नवीन ओळख आहे,” मेहुणा म्हणाला. “थोडं बुजतात.”

शुक्रवारी सकाळी स्केचराव पुन्हा दुकानात. दुकानदाराने जोडकार्ड परत घेतलं, वर पैसे घेतले आणि सगळ्यात नवं कार्ड हातात ठेवलं. ते सुरू झालं की लाल-निळे दिवे असे पळत, की सर्कशीच्या मालकाला घरची आठवण यावी. जुन्या कार्डाला फडक्यात गुंडाळून खणात ठेवलं. नवं बसलं. दिवे पळाले. उरलेला वेळ उमटला.

तोच!

स्केचराव खुर्चीत मागे रेलले. “गेला दवाखाना. वरच्या मजल्यासकट गेला.”

शाळेतून आलेल्या बाईंनी पर्स ठेवली, उघड्या पेटीत हात घातला आणि नव्या कार्डाच्या पाठीला बोट लावलं.

“अहो, हे तर गार आहे.”

“नव्या पद्धतीचं असेल, ताई. डोकं थंड ठेवून काम करणारं.”

“काम करणाऱ्याला घाम येतो. तू कधी करत नाहीस, म्हणून तुला माहीत नाही.” बाईंचं बोट पुढे सरकलं आणि चटकन मागे आलं. “आई गं! हे कोण पोळतंय?”

“तो प्रोसेसर,” स्केचराव म्हणाले. “मशीनचा कारकून समज. फायली, हिशेब, सगळं तोच बघतो.”

“मग चित्रंही तोच काढतोय! कारकून पेपर तपासतोय आणि मास्तर स्टाफरूममध्ये घोरतायत. काम वाटून कुठे देतात, दाखवा बघू.”

सेटिंगचं पान उघडलं. ‘चित्र कुणी काढायचं?’ अशा अर्थाचा प्रश्न होता आणि त्याखाली दोन चौकटी. खूण कारकुनापुढे! गेल्या वर्षी नवं सॉफ्टवेअर घालताना मशीनने हा प्रश्न अदबीने विचारला होता. पण स्केचरावांचा खाक्या ठरलेला: वाचायचं काही नाही, ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबत सुटायचं. त्या दिवसापासून जुनं कार्ड जे आडवं झालं होतं, ते फडक्यात गुंडाळेपर्यंत उठलं नव्हतं!

बाईंनी खूण बदलली. उरलेला वेळ धाडकन खाली आला. कार्डाचे पंखे घोंघावले, आणि संध्याकाळच्या आत फिल्म तयार!

“भावोजी,” मेहुणा हळूच म्हणाला, “म्हणजे खणातलं पहिलंच पुरलं असतं?”

“तू घरी जा,” स्केचराव म्हणाले.

शनिवारी डॉक्टरीणबाई आल्या. पडद्यावर दार उघडलं, स्वागताचं टेबल आलं, उन्हात चकाकणारी दातांची खुर्ची आली. डॉक्टरीणबाई इतक्या खूश झाल्या की स्वतःच पेशंट असल्यासारखा त्यांनी आ वासला.

“काम तुमचंच! वरचा मजलाही! फक्त एक, हे टेबल हिरवं केलं तर कसं दिसेल? दोन-तीन दिवसांत कळवा.”

एरवी स्केचराव चार दिवस म्हणाले असते आणि आठ घेतले असते. पण आज अंगात वारं शिरलं होतं.

“दोन-तीन दिवस? बसा! चहा होईपर्यंत दाखवतो!”

आणि दाखवलं की! डॉक्टरीणबाईंनी हिरव्या टेबलाकडे पाहिलं, मग चहाच्या वाफेकडे, मग स्केचरावांकडे.

“चहा होईपर्यंत? मग पंधरा दिवस काय करत होतात?”

“मशीन जरा... वेगळ्या विचारात होतं.”

“असू दे. एवढ्यात होतंय तर घाई कशाला?” त्यांनी पर्स बाजूला ठेवली आणि ऐसपैस बसल्या. “निळं बघू. आता निळ्याकडे झुकणारं हिरवं. आता खुर्ची खिडकीपाशी. नको, होती तिथेच. थांबा, सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावते, त्यांना रंगातलं फार कळतं.”

सासूबाईंना खरंच फार कळत होतं. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा टेबल विसाव्या रंगात उभं होतं, आणि तिकडून प्रश्न आला, “भिंतीही बदलून दाखवता का हो?”

स्केचराव पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात आले. दार लोटलं आणि बाईंच्या कानाशी लागले.

“अगं, ती खूण परत कारकुनापुढे कशी करायची?”