कुंकू लावलेली फ्लॉपी

संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढायच्या असा नियम झाला, त्या दिवसापासून कुंडलिक वेखंडे यांचं जेवण कमी झालं.

शहापूर तालुक्यातल्या एका भात उत्पादक संघात ते हेडक्लार्क होते. कुठल्या सभासदाचं किती भात आलं, कितव्या साली आलं, ते सगळं रेकॉर्डरूममध्ये होतं आणि रेकॉर्डरूमची किल्ली कुंडलिकरावांच्या करदोट्याला होती. त्या खोलीत शिरताना मात्र आजवर कुणी चपला काढल्या नव्हत्या. उलट पावसाळ्यात लोक बांधावरचा चिखल आणून तिथंच झाडत.

मग दोन हजार एक साली संगणक आला आणि त्याच्यामागून आटगावची अनिता निमसे आली. कल्याणला कोर्स केलेली. तिच्या खोलीला पडदा लागला, गार हवेचं मशीन लागलं. कुंडलिकरावांच्या डोक्यावरचा पंखा तेवढा इकडची गरम हवा तिकडे वाटण्याचं काम सहकारी तत्त्वावर करत राहिला.

हेही त्यांनी गिळलं असतं. पण फ्लॉपी काही गिळवेना. रोज संध्याकाळी अनिता संघाची सगळी माहिती चार फ्लॉप्यांत उतरवायची, एका गुलाबी डब्यात घालायची आणि घरी न्यायची. का, तर उद्या ऑफिसला काही झालं तर माहिती दुसऱ्या जागी सुखरूप असावी. वार्षिक सभेत चेअरमन ज्ञानेश्वरशेठ माइकवरून म्हणाले, "हापिस जळून जाऊ द्या! आपला संघ बाईच्या डब्यात शाबूत हाय!"

टाळ्या पडल्या. कुंडलिकरावांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. इतकी वर्षं त्यांची रेकॉर्डरूम जळली नव्हती, त्याबद्दल कुणी एक टाळी वाजवली होती का?

दसऱ्याला अनिता माहेरी मुरबाडला निघाली, तेव्हा ते शेठसमोर उभे राहिले.

"शेठ, डबा माझ्याकडं द्या."

"तुला जमंल?"

"किल्ली सांभाळली ती काय डब्यापेक्षा हलकी होती?"

अनितानं त्यांना कुठली बटणं दाबायची ते कागदावर लिहून दिलं. "आणि भाऊ, जपा हं. धूळ नको, पाणी नको, बोट लावू नका."

त्या दिवशी कुंडलिकराव घरी जवळच्या वाटेनं गेले नाहीत. बाजारातून, देवळावरून, पिठाच्या गिरणीवरून गेले. डबा दोन्ही हातांत होता. कुणी विचारलं, "काय रे कुंडलिक, मिठाई काय?" की ते हळूच सांगायचे, "नाय. संघ."

घरी डबा फडताळात गेला. वर धुतलेलं फडकं पडलं. सकुबाई बघत होती.

"येवढं मला कधी जपलं नाय," ती म्हणाली.

"तुझ्यात काय माहिती हाय?"

"हाय ना. तुमची सगळी. सभेत सांगू काय?"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. भात कापणीला आलेलं, म्हणून विळे, कोयते घासून पाटावर मांडले होते. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा, हा नेम. कुंडलिकरावांनी मधोमध एक फ्लॉपी ठेवली. तिला कुंकू लावायला जावं तर वरची पत्र्याची झडप आपोआप सरकली आणि आत काळंभोर काहीतरी दिसलं.

"सकू, बघ! आत गाभारा हाय!"

"मग भायेरच्या पत्र्याला काय कुंकू लावता? देव सोडून दाराची पूजा करतं काय कोन?"

बोलणं खरं होतं. कुंडलिकरावांनी झडप धरून ठेवली, आतल्या काळ्या मूर्तीला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि सणाचं म्हणून दुधाचा एक थेंब सोडला. थेंब सुकल्यावर त्यांना वाटलं, अनितानं एवढं कधी केलं नसेल.

संध्याकाळी ऑफिसात त्यांनी तीच फ्लॉपी मशीनमध्ये सारली. जात्यात खडा सापडावा तसा आवाज आला आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी रागानं लिहून आलं. त्यांनी ती काढून दुसरी घातली. तिनंही तेच केलं. ती बाहेर काढून झडप सरकवली तर तिच्या काळ्या चकतीवर लाल कडं उमटलं होतं. तिसरी लाल झाली. चौथीही झाली. मशीनच्या तोंडाला लागलेलं कुंकू प्रत्येकीला सवाष्ण करून परत पाठवत होतं.

कुंडलिकरावांना दरदरून घाम फुटला, आणि तोही गार खोलीत. फाइल नेली की कपाट रिकामं, एवढाच हिशोब त्यांना ठाऊक होता. माहिती फ्लॉपीत गेली म्हणजे मशीन रिकामं. आता फ्लॉपीही गेली. म्हणजे संघ बुडाला, आणि तो दुधाच्या एका थेंबात.

अनिता येऊन बोभाटा करायच्या आत तिचे पाय धरायचे, असं ठरवून दसऱ्याच्या सकाळी ते मुरबाडच्या जीपमध्ये बसले. एका खिशात आपट्याची पानं होती, दुसऱ्यात डबा.

अनिता दारात रांगोळी काढत होती. त्यांनी तिच्या हातावर सोनं ठेवलं आणि सोन्यावर डबा ठेवला.

"बाई, मी संघ बुडवला. पूजा केली."

अनितानं डबा उघडला. लाल कडी बघितली. तिचा चेहरा उतरला, पण तिनं विचारलं ते भलतंच.

"मशीनमध्ये घालून बघितल्यात?"

"व्हय."

"पडद्यावर काय आलं?"

"इंग्लिशमधी शिव्या."

"कोणाला सांगितलंत?"

"कोनालाच नाय. बायकोला पन नाय."

अनिता उंबऱ्यावर बसली. "भाऊ, माहिती मशीनमध्ये आहे, तिला काही झालेलं नाही. ही नुसती प्रत. आणि खरं सांगू? त्या शिव्या श्रावणापासून येतायत. मशीनचं तोंड तेव्हाच बिघडलंय. फ्लॉप्यांवर काही उतरतच नाही."

"मंग डब्यात काय नेत होता रोज?"

"काहीच नाही. शेठ माइकवर बोलून बसले. मग मी कोणत्या तोंडानं सांगू?"

कुंडलिकरावांनी डबा पुन्हा आपल्या हातात घेतला. ज्या डब्यापायी त्यांचं जेवण कमी झालं, तो रिकामा होता.

परतीच्या जीपमध्ये ते आनंदानं फुलले होते. उद्या शेठना सांगायचं, बाई फसवते! किन्हवली येईपर्यंत त्यांनी भाषणही तयार केलं. किन्हवलीला मात्र त्यांच्या मनातले शेठ विचारते झाले, "तुला कसं कळलं रे?" भाषण तिथंच उतरून गेलं.

दसऱ्यानंतर अनितानं बोलावलेला कल्याणचा माणूस मशीनला नवं तोंड, म्हणजे नवा ड्राइव्ह, बसवून गेला. शेठनी दोघांना बोलावलं.

"जुना कशानं गेला?"

"दमट हवा," अनिता म्हणाली.

"लय दमट," कुंडलिकराव म्हणाले. बाहेर ऑक्टोबरच्या उन्हानं बांध तडकत होते.

"बरं. मग डबा यापुढं कोनाकडं?"

"बाईंकडंच पायजे, शेठ. त्यांच्यासारखी जबाबदार बाई तालुक्यात नाय."

"छे, वेखंडेभाऊंकडे द्या. एवढ्या भक्तीनं कोणी जपत नाही."

शेठ एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागले. कालपर्यंत ही माणसं एकमेकांच्या हातचा चहासुद्धा घेत नव्हती. आपल्याबद्दल असं आजवर कुणी बोललं नव्हतं, मतं मागायच्या दिवसांतसुद्धा नाही. त्यांना ते लागलं.

"चेअरमन कोन? मी ना? मग डबा मी नेनार!"

अनितानं ताज्या प्रती काढून दिल्या. शेठ डबा घेऊन ऐटीत खाली उतरले. दोघं खिडकीतून बघत होते. शेठनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि गाणी वाजवायच्या मोठ्या स्पीकरवर डबा अलगद ठेवला.

"अगंबाई!" अनिता म्हणाली. "स्पीकरात केवढं लोहचुंबक असतं! चुंबकानं फ्लॉपी कोरी होते. धावत जाऊन सांगू का?"

"नको. आज त्यांचा पैला दिवस हाय." कुंडलिकरावांनी खुर्ची ओढली. "तुमी दुसरी प्रत काढा. आन या वेळी उघडून बघा."

अनितानं प्रत काढली, उघडली. दोघांनी सभासदांची नावं पडद्यावर वाचून बघितली. प्रत अगदी बरोबर उतरली होती. आता ती घरी कुणी न्यायची एवढाच प्रश्न उरला, आणि दोघांचेही हात एकदमच पुढे आले.